थोडा तांदूळ, भरपूर दूध, मंद आच : ओव्हनमधली तांदळाची खीर

श्रीगोंदा तालुक्यात गोडाधोडाला लागणारं बहुतेक सगळं शिवारातच मिळतं. घोड आणि कुकडीच्या कालव्यांच्या पाण्यावर इथे ऊस वाढला आणि नागवडे व कुकडी हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या वाढ्यांवर आणि मक्यावर दावणीच्या गाई पोसल्या जातात. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या डेअरीवर दुधाच्या किटल्यांची रांग लागते. श्रीगोंद्याचं कागदी लिंबू तर दूरदूरच्या बाजारांत जातं. दूध, साखर, लिंबू सगळं घरचं. एक तांदूळ तेवढा बाहेरून आणावा लागतो, आणि तोही लांबून नव्हे. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोल्याच्या डोंगरात, उत्तम तांदूळ पिकतो.

या चार जिनसांतून होणारा एक पदार्थ आपल्याकडे फारसा केला जात नाही, आणि तो केला जावा असं मला मनापासून वाटतं. तो म्हणजे ओव्हनमध्ये दोन तास मंद आचेवर भाजून केलेली तांदळाची दाट खीर. वरून खरपूस तपकिरी साय, खाली रबडीकडे झुकणारं दूध, आणि त्यात मऊ झालेली पण मोडून न गेलेली शितं. पितृपक्षात आपण करतो त्या खिरीचीच ही भावंडं जगभर आहेत. इंग्लंडमध्ये अशी खीर रविवारच्या जेवणानंतर खातात. तुर्कस्तानात ती मातीच्या वाडग्यांत भरून वरून डाग पडेपर्यंत भाजतात. फ्रान्सच्या नॉर्मंडीत दालचिनी घालून मातीच्या मोठ्या भांड्यात ती चार-पाच तास ओव्हनमध्ये राहते. पूर्वी पाव भाजून झाल्यावर भट्टीत उरलेल्या धगीवरच ती होत असे. आपल्याकडेही गोवरीच्या आरावर दुधाचं मडकं दिवसभर ठेवून जाड साय धरण्याची रीत होतीच. तीच मंद धग इथे ओव्हनमध्ये वापरायची आहे.

दाटपणा येतो कुठून

खीर दाट करायची म्हटलं की हात कस्टर्ड पावडर, मिल्कमेड, खवा किंवा तांदळाच्या पिठाकडे जातो. या खिरीला त्यातलं काहीही लागत नाही. तिचा दाटपणा दोन गोष्टींतून येतो. पहिली गोष्ट तांदळातलं पिठूळ सत्त्व. दूध साधारण ६५ ते ७५ अंशांच्या पुढे गेलं की तांदळाचा दाणा फुगू लागतो आणि ते सत्त्व हळूहळू दुधात उतरतं. दुसरी गोष्ट दुधातल्या पाण्याची वाफ. दोन तासांत दूध आटतं आणि त्यातली स्निग्धता, प्रथिनं, साखर एकवटतात.

ओव्हन १५० अंशांवर असला तरी आतलं दूध शंभर अंशांच्या खालीच राहतं, कारण वाफ होताना उष्णता खर्च होते. म्हणून ते खदखदत नाही, फक्त कडेने हलकेच बुडबुडे येतात. गॅसवर मोठ्या आचेनं केलेल्या खिरीत शितं आपटून मोडतात, तळ लागतो, आणि सतत ढवळावं लागत असल्यानं साय धरत नाही. ओव्हनची आच सगळीकडून येते, त्यामुळे दुसऱ्या तासात खीर न ढवळता ठेवता येते. तेवढ्या वेळात वर साय धरते, आणि दुधातली साखर व प्रथिनं मिळून तिला तपकिरी रंग आणि खरपूस वास देतात.

सर्वांत जास्त चूक होते ती तांदळाच्या प्रमाणात. एवढुसा तांदूळ बघून मूठभर वाढवावासा वाटतो. तो मोह टाळा. मूठभर तांदूळ जास्त पडला की खिरीऐवजी गोड भात हाती येतो.

साहित्य (सहा जणांसाठी)

- गाईचं साय न काढलेलं दूध : १ लिटर
- म्हशीचं दूध : पाव लिटर (नसेल तर सगळं गाईचं चालेल)
- आंबेमोहर, इंद्रायणी किंवा काळभात तांदूळ : १०० ग्रॅम (१५० मिलिलिटरच्या वाटीनं पाऊण वाटीला थोडा जास्त)
- साखर : ८० ते ९० ग्रॅम
- घरचं लोणी : १ मोठा चमचा, आणि भांड्याला लावायला थोडं
- मीठ : दोन चिमटी
- कागदी लिंबू : १, फक्त वरची साल
- जायफळ : पाव, ताजं किसून
- भांडं : दोन लिटर मावेल असं, फार खोल नसलेलं, ओव्हनमध्ये चालणारं काचेचं, चिनीमातीचं किंवा जाड स्टीलचं

दूध आणि तांदूळ निवडताना

डेअरीवर गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. असं दूध लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम स्निग्धता देतं, आणि या खिरीला ते पुरतं. पाव लिटर म्हशीचं दूध घातलं की साय जाड धरते. सगळंच म्हशीचं घेतलं तर खीर जड होते आणि थंड झाल्यावर वर तुपाचा थर येतो. पिशवीचं दूध वापरणार असाल तर ३ टक्के स्निग्धतेचं टोन्ड न घेता ६ टक्क्यांचं फुल क्रीम घ्या, आणि त्यात म्हशीच्या पाव लिटर दुधाऐवजी तेवढंच टोन्ड मिसळा.

दूध ताजं हवं. सकाळचं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर ते चवीला बरं लागत असतानाही आचेवर फाटू शकतं. शंका असेल तर पळीभर दूध आधी उकळून बघा. ते फाटलं नाही तर बाकीचं वापरा.

तांदूळ आखूड दाण्याचा आणि शिजल्यावर चिकट होणारा हवा. बासमतीचं शीत सुटं राहण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि इथे तेच नको आहे. आंबेमोहर पहिल्या पसंतीचा, त्याच्या वासासाठीही. इंद्रायणी सहज मिळतो. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली तो दिला, आणि त्याची शितं दुधात छान मिसळतात. अकोल्याचा काळभात मिळाला तर जरूर घ्या. असे गावरान वाण जपण्याचं मोठं काम अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी केलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या जिल्ह्यातला हा तांदूळ आपल्याच स्वयंपाकघरात वापरला जायला हवा.

शक्यतो नवा तांदूळ घ्या. भातासाठी आपण जुना तांदूळ शोधतो, कारण तो मोकळा होतो. खिरीसाठी नवाच चांगला, तो लवकर मऊ होतो आणि दूध दाट करतो.

कृती

१. तांदूळ निवडून एकदाच पाण्यातून काढा. चोळून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊ नका, नाहीतर दाटपणा देणारं पीठ वाहून जाईल. चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. भिजवायची गरज नाही.

२. ओव्हन १५० अंशांवर तापत ठेवा. ओटीजी असेल तर वरची आणि खालची दोन्ही कांड्या चालू ठेवा. पंख्याचा कन्व्हेक्शन ओव्हन असेल तर १३५ ते १४० अंश पुरे. जाळी मधल्या खाचेच्या एक खाच खाली लावा. भांडं वरच्या कांडीच्या फार जवळ आलं तर आतला तांदूळ कच्चा असतानाच साय करपते.

३. लिंबू धुऊन, पुसून घ्या. बारीक किसणीवर फक्त वरची रंगीत साल किसा. कागदी लिंबाची साल पातळ असते, त्यामुळे हात हलका ठेवा. खालचा पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो. सालीत तेलाचा सुवास असतो, दूध फाडणारा आंबटपणा रसात असतो. म्हणून किसताना रसाचा थेंबही पडू देऊ नका. पोर्तुगालमध्ये तांदळाच्या गोडाला लिंबाची साल लावतातच, आणि श्रीगोंद्यात तर तिच्यासाठी लांब जायला नको.

४. जाड बुडाच्या पातेल्यात दोन्ही दुधं एकत्र करून उकळी आणा. कच्चं दूध असेल तर ते या पायरीत नीट उकळलंच पाहिजे. उकळी आली की तांदूळ घाला, आच मंद करा आणि अधूनमधून तळापासून ढवळत दहा मिनिटं शिजवा. तांदूळ पूर्ण शिजवायचा नाही, दाणा बोटांत दाबला तर मध्ये खडा लागला पाहिजे.

५. आता साखर, मीठ, लिंबाची साल आणि निम्मं जायफळ घाला. साखर आधी घातली तर ती पाणी धरून ठेवते आणि दाणा मऊ व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिची पाळी तांदळानंतरची. मीठ विसरू नका. ते खारटपणासाठी नाही, दुधाची चव खुलवण्यासाठी आहे.

६. भांड्याला आतून लोणी लावा आणि गरम मिश्रण त्यात ओता. भांडं काठोकाठ भरू नका, वर किमान दोन बोटं जागा हवी. ते पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवा म्हणजे उतू गेलं तर ओव्हन खराब होणार नाही. काचेचं भांडं थंड असेल तर आधी कोमट पाण्यानं विसळून पुसून घ्या, एकदम गरम दूध ओतल्यानं काच तडकू शकते.

७. ओव्हनमध्ये ठेवा. अर्ध्या तासानं बाहेर काढून तळापासून ढवळा, कारण या वेळी तांदूळ खाली बसून चिकटत असतो. एक तास झाला की पुन्हा ढवळा. तोवर वर धरलेली पातळ साय निःसंकोच आत मिसळा, तिनं दाटपणा वाढतो.

८. दुसऱ्यांदा ढवळल्यावर उरलेलं जायफळ वर किसा आणि लोण्याचे छोटे गोळे चार-पाच जागी ठेवा. यापुढे ढवळायचं नाही. दार बंद ठेवून आणखी एक तास भाजू द्या. लोणी पसरून साय मऊ ठेवतं आणि तिला सारखा रंग येतो.

९. दोन तास झाले की बघा. साय सोनेरी ते तपकिरी असावी. कडेनं जाड, संथ बुडबुडे यावेत. भांडं हलवलं तर मधला भाग डुलला पाहिजे. दूध मूळच्या पातळीपेक्षा सुमारे बोटभर खाली गेलेलं दिसेल. मधला भाग पाण्यासारखा हलत असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटं द्या.

१०. खीर हवी त्याहून थोडी सैल असतानाच ओव्हन बंद करा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. निवताना तांदळाचं सत्त्व आणखी घट्ट होतं. ओव्हनमध्येच घट्ट दिसलेली खीर ताटात येईपर्यंत वडी होते. बाहेर काढून अर्धा तास तशीच राहू द्या. काचेचं भांडं ओल्या किंवा थंड कडाप्प्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा जाड फडकं घाला.

ओव्हन नसेल किंवा वीज गेली तर

मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. दार उघडू नका. आतली धग बराच वेळ टिकते आणि पंधरा-वीस मिनिटांच्या खोळंब्यानं काही बिघडत नाही. तेवढा वेळ शेवटी वाढवा. तासाभरानंतरही वीज आली नाही तर मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर अगदी मंद आचेनं पुरं करा. साय मिळणार नाही, पण खीर चांगलीच होईल.

ओव्हनच नसेल तर एक जाड, मोठं, जुनं पातेलं किंवा कढई घ्या. तळाशी दोन बोटं कोरडी स्वच्छ वाळू किंवा जाडं मीठ पसरा, वर तिवई ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा. मग खिरीचं स्टीलचं भांडं तिवईवर ठेवा, आच मंद करा आणि झाकण किंचित तिरकं ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. यात अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो आणि दर अर्ध्या तासानं ढवळावं लागतं. हे काम कुकरमध्ये करणार असाल तर रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही आधी काढलीच पाहिजेत. मीठ गार झाल्यावर डब्यात भरून पुन्हा याच कामाला वापरा.

या पद्धतीत आच फक्त खालून मिळते, म्हणून वरचा रंग फिका राहतो. घरी चूल किंवा कोळशाची शेगडी असेल तर शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी सपाट लोखंडी झाकणावर निखारे ठेवा. भानोलं आणि गोव्याची बेबिंका अशीच वरखाली निखारे देऊन भाजतात. निखारे बंद खोलीत वापरू नका, दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

काही बिघडलं तर

खीर घट्ट झाली : सायीची एक कड चमच्यानं उचला, खालून थोडं थोडं गरम दूध घाला आणि आतल्या आत हळूच मिसळा. थंड दूध घालू नका, गुठळ्या राहतात.

खीर पातळ राहिली : आधी अर्धा तास निवू द्या. तरीही पातळ वाटली तर पुन्हा १५० अंशांवर वीस मिनिटं ठेवा. पीठ लावून घट्ट करण्याच्या फंदात पडू नका, चव बसते.

साय लवकर काळी पडू लागली : भांडं एक खाच खाली घ्या आणि वर फॉइल सैल झाका. फॉइल कांडीला लागता कामा नये.

तांदूळ दोन तासांनंतरही कचकचीत राहिला : तांदूळ जुना असावा किंवा ओव्हन सांगतो त्यापेक्षा कमी तापत असावा. ओटीजीचा काटा पुष्कळदा दहा-वीस अंशांनी चुकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक आणला तर हा प्रश्न कायमचा मिटतो.

दूध फाटलं : दूध जुनं होतं किंवा लिंबाचा रस गेला. त्याची खीर होणार नाही. कलाकंदासारखं आटवून खाता येईल.

गूळ, वेलची आणि इतर बदल

साखरेऐवजी गूळ हवा असेल तर तो कधीही उकळत्या दुधात घालू नका, त्यातल्या आंबटपणानं दूध फाटतं. खीर बिनसाखरेची भाजा, कोमट होऊ द्या, आणि वाढताना चिरलेल्या गुळाचा घट्ट पाक वरून सोडा. वेलची घालायची तर लिंबाची साल वगळा, दोन्ही वास एकमेकांवर कुरघोडी करतात. जायफळ मात्र राहू द्या. पुरणपोळीला आणि श्रीखंडाला लागणारं हेच जायफळ इंग्रजी घरांतही या खिरीवर किसतात. काजू-बदाम घातलेच तर भाजून, वाढताना. आत घातले तर ते दोन तासांत मऊ पडतात आणि शिताच्या मऊपणाला आडवे येतात.

वाढणं आणि ठेवणं

कोमट खीर सर्वांत चांगली लागते. वाढताना प्रत्येकाच्या वाटीत सायीचा तुकडा येईल असं बघा, तिच्यावरून घरात भांडणं होतात. उन्हाळ्यात थंडही छान लागते, सोबत आंब्याच्या फोडी द्या, पण वेगळ्या वाटीत.

शिजलेला तांदूळ आणि दूध दोन्ही उष्म्यात लवकर बिघडतात, आणि नगरकडचा उन्हाळा चाळिशी सहज गाठतो. म्हणून उरलेली खीर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलीच पाहिजे. पसरट डब्यात काढली की लवकर गार होते. दोन दिवसांत संपवा. गरम करताना थोडं दूध घालून पूर्ण वाफ येईपर्यंत तापवा, आणि एकदा गरम केलेली पुन्हा ठेवू नका.

पहिल्यांदा करताना वर दिलेलं प्रमाण आणि वेळ बदलू नका. ओव्हनचा अंदाज आला की पुढच्या वेळी साखर, साल, जायफळ आपल्या घराच्या चवीनं ठरवा. आणखी एक विनंती आहे. दावणीला दुभती गाय असलेल्या कितीतरी घरांत सगळं दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतंच उरतं. महिन्यातून एकदा तरी सव्वा लिटर दूध किटलीत ओतण्याआधी बाजूला काढा आणि घरच्या माणसांसाठी ही खीर करा. ज्यांच्या कष्टानं हे दूध निघतं, त्यांच्या ताटात ते आधी पडलं पाहिजे.